लाल औषध, बारी आणि शेंगोळे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण दर शनिवारी काहीतरी निघायचंच. खरं सांगायचं तर विषय घरचा असला की कीबोर्डवर हात जड होतात. आज मात्र लिहूनच टाकतो.

२०२२च्या उन्हाळ्यात आईला स्तनाचा कर्करोग निघाला. आमचं घर शेवगावला, मी पुण्यात, दर शुक्रवारी रात्री एसटी पकडणारा. ऑपरेशन संभाजीनगरला झालं (तेव्हा ते औरंगाबादच होतं). शेवगावहून तीसेक किलोमीटरवर पैठण, तिथे गोदावरी ओलांडायची आणि पुढे पन्नासेक किलोमीटर. हा रस्ता मला आता खड्ड्यांसकट पाठ आहे. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, 'एसी चार, मग पॅक्ली बारा'. मला आधी वाटलं एसी म्हणजे वातानुकूलित खोली, आणि मनातल्या मनात बिलाची बेरीजही करून झाली :) ए म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन (याचंच दुसरं नाव डॉक्सोरुबिसिन) आणि सी म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, हे नंतर कळलं.

पहिल्या केमोला मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. सिस्टरनी लालभडक औषधाची मोठी सिरिंज आणली आणि सलाईनच्या नळीतून हळूहळू सोडायला लागल्या. रंग अगदी उन्हाळ्यात घरी करतात त्या लाल सरबताचा. आई बघत होती. म्हणाली, "हे कशापासून बनवत्यात रे?"

"केमिकल असतं गं," मी म्हणालो. इंजिनिअरला उत्तर माहीत नसलं की तो असंच काहीतरी बोलतो.

त्या संध्याकाळी आईला लाल लघवी झाली आणि ती घाबरून रडायला लागली. तो औषधाचाच रंग असतो, दोन दिवसांत जातो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तीन दिवस उलट्या. उलट्या थांबल्या तर कोरडे उमासे. मग तोंड आलं. आणि दहाव्या रात्री ताप. गावातल्या एका डॉक्टरांनी क्रोसिन देऊन सकाळी बघू म्हटलं. दादांना (म्हणजे माझ्या वडिलांना) चैन पडेना. केमोच्या फाइलवर 'ताप आल्यास ताबडतोब' असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं. रात्री दीड वाजता शेजारच्या काकांची गाडी काढून ते निघाले. पांढऱ्या पेशी निघाल्या ७००. माणसाला साधारण ४००० ते ११००० लागतात. सकाळची वाट बघितली असती तर काय झालं असतं, हा हिशेब मी आजवर पूर्ण केलेला नाही.

पाच दिवसांनी घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "मला नको आता. लई झालं. आहे तेवढं जगते."

ते पाच दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मोबाइलवर एकच गोष्ट शोधत होतो. हे लाल पाणी आलं कुठून? आणि ज्यांनी ते शोधलं त्यांना या उलट्या, हा ताप ठाऊक नव्हता का? पुढचं बरंचसं त्या व्हरांड्यातलं आहे, थोडं नंतर जमवलेलं.

२ डिसेंबर १९४३. इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावरचं बारी बंदर. (आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कशाची बारी? दर्शनाची?") दोस्तांची जहाजं माल उतरवायला खोळंबली होती आणि संध्याकाळी जर्मन विमानांनी हल्ला केला. त्यांतल्या 'जॉन हार्वे' नावाच्या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे २००० बॉम्ब होते. ही गोष्ट इतकी गुप्त होती की ज्यांना माहीत होती ते जहाजावरचे लोक जहाजाबरोबरच गेले. मस्टर्ड समुद्रातल्या तेलात मिसळलं, त्या तेलातून पोहत खलाशी बाहेर आले, आणि इस्पितळात त्यांना तशाच ओल्या कपड्यांत ब्लँकेटं गुंडाळून ठेवलं. कारण काय झालंय हेच कुणाला कळेना. केसपेपरवर चक्क 'त्वचेचा दाह, निदान बाकी' असं लिहीत होते. सैनिक आणि खलाशी मिळून ६२८ जणांना मस्टर्डची बाधा झाली आणि त्यातले ८३ महिन्याभरात गेले. बारी शहरातले सामान्य लोक किती गेले, ते त्यात धरलेलंच नाही.

चौकशीला स्ट्युअर्ट अलेक्झांडर नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर पाठवला गेला. मस्टर्ड होतं हे वरून कुणी कबूल करेना, पण या गड्याने लक्षणांवरून ते ओळखलं आणि रक्ताच्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट टिपली. रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धडाधड खाली येत होत्या. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी जर हे विष आधी मारत असेल, तर कर्करोगाच्या पेशीही मारेल, असा तो विचार.

केमोथेरपीचा जन्म बारीत झाला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. ते तितकंसं खरं नाही. त्याच्या सव्वा वर्ष आधीच, २७ ऑगस्ट १९४२ला, अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या गटाने मस्टर्डचंच एक भावंड, नायट्रोजन मस्टर्ड, एका रुग्णाला टोचलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव फक्त 'जे. डी.'. गळ्याच्या गाठींमुळे त्याला मान वळवता येत नव्हती, घास गिळता येत नव्हता. औषधाने गाठी विरघळल्या, तो जेवायला लागला. पण पांढऱ्या पेशीही गेल्या, गाठी परत आल्या, आणि डिसेंबर उजाडताच तो वारला. युद्धाची गुप्तता असल्यामुळे १९४६पर्यंत हे छापताही आलं नाही. म्हणजे केमो घेणारा पहिला माणूसही त्याच पांढऱ्या पेशींपाशी अडकला होता, ज्या आमच्या रिपोर्टवर ७०० होत्या. आईच्या 'एसी'मधलं सी, ते याच नायट्रोजन मस्टर्डचं १९५०च्या दशकात जर्मनीत केलेलं सुधारित रूप.

आणि ए? इथे मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. बारीपासून तासाभराच्या अंतरावर 'कास्तेल देल मोन्ते' नावाचा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे (इटलीच्या एका सेंटच्या नाण्यावर तोच आहे). १९५०च्या दशकात फार्मितालिया या इटालियन कंपनीच्या लोकांनी त्या किल्ल्याजवळची माती तपासायला नेली. मातीत एक जिवाणू सापडला, लालभडक रंगद्रव्य करणारा. त्यातून आधी एक औषध निघालं, मग जिवाणूत बदल घडवून १९६९च्या सुमारास दुसरं. शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव ठेवलं अ‍ॅड्रियामायसिन. म्हणजे आईच्या दंडात गेलेल्या दोन औषधांपैकी एक त्या भागातल्या मातीतून आलेलं आणि दुसरं त्याच किनाऱ्यावर माणसं मारणाऱ्या विषाच्या गोतावळ्यातलं. "हे कशापासून बनवत्यात" याचं उत्तर 'मातीपासून' असं होतं. आईला हे पटकन पटलं. माझ्या 'केमिकल'पेक्षा तर नक्कीच.

(थोडं विषयांतर. त्याच युद्धात इटलीत आपल्या जिल्ह्यातलेही लोक होते. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवरच्या लढाईत ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन त्यांनी नदी पार केली होती. असो.)

आपल्याकडच्या माणसाचं नाव या इतिहासात आणखी एका ठिकाणी येतं. बोस्टनच्या सिडनी फार्बरने १९४७-४८मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना जे अमिनोप्टेरिन दिलं, ते लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालं होतं. १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ उतार पडला. त्या मुलांचीही तोंडं यायची, हे फार्बरने लिहून ठेवलंय. त्याने आणखी एक गोष्ट धरून ठेवली, जिच्याबद्दल मला त्याचं जास्त कौतुक वाटतं. मुलाच्या औषधाबरोबर घरच्यांचे पैसे, राहणं, धीर देणं, हे सगळं एकाच छपराखाली झालं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता.

बाकीच्या जगाला ते सुचायला वेळ लागला. कर्करोग मारायचं औषध १९४२ला सापडलं आणि त्या औषधाच्या उलट्यांकडे नीट बघायला जवळपास चाळीस वर्षं गेली! सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फीचर रिलीज केलं आणि बग 'नोन इश्यू' म्हणून चाळीस वर्षं ओपन ठेवला. १९७८ला अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली तेव्हा मात्र डोळेझाक अशक्य झाली, कारण त्याच्या उलट्या इतक्या भयंकर असायच्या की लोक बरे होत असतानाही उपचार सोडून जायचे. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या ग्राला आणि सहकाऱ्यांनी साधी गोष्ट केली. रुग्णांचे दोन गट पाडून कुणाला किती उलट्या होतात त्या मोजल्या. आपल्याकडे पेरिनॉर्म म्हणून मिळणारं मेटोक्लोप्रमाइड मोठ्या डोसमध्ये दिलं तर त्या स्पष्ट कमी होतात हे दिसलं. १९८३मध्ये सिडनीच्या कोट्स आणि मंडळींनी याहून साधी गोष्ट केली. रुग्णांनाच विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? पहिला नंबर उलटीचा, दुसरा मळमळीचा, तिसरा केस जाण्याचा.

मग फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून १९८६च्या सुमारास कळलं की केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते तिथल्या मज्जातंतूला डिवचतं आणि निरोप मेंदूला जातो, 'विष आलंय, बाहेर टाक'. म्हणजे पोट बिघडलेलं नसतंच, शरीर आपलं काम चोख करत असतं. हा निरोप अडवणारं ऑन्डॅन्सेट्रॉन अमेरिकेत १९९१च्या जानेवारीत आलं. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यात एमसेट असेल तर ते हेच. पुढच्याच महिन्यात पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन आलं. आईला पुढच्या प्रत्येक केमोनंतर जे पोटावर टोचायचे, ते याच जातीचं. उलटी आणि ताप, दोन्हींवर उतारा निघाला तो एकाच हिवाळ्यात.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरंय. पण मला नको."

इथे माझं गूगल संपलं.

दादांनी शेवटचा उपाय म्हणून मुंबईला टाटाला दाखवू म्हटलं. २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालेलं परळचं हे रुग्णालय. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ला गेल्या आणि पुढच्या वर्षी दोराबजीही. त्यांच्या मागे ट्रस्टने ते उभं केलं. देशभरातून लोक येतात हे ऐकून माहीत होतं, पण बाहेरच्या फुटपाथवर चादरी टाकून राहणारी कुटुंबं बघितली की 'देशभरातून' या शब्दाचा अर्थ कळतो. तपासण्या आणि वेळा सांभाळत आम्हाला आठवडा लागणार होता. आई आणि दादांना दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली.

गाडगेबाबांविषयी (१८७६-१९५६) शाळेत खराटा, मडकं आणि कीर्तन एवढंच शिकलो होतो. स्वतःला घर न बांधणाऱ्या या माणसाने धर्मशाळा मात्र ठिकठिकाणी बांधून घेतल्या. पंढरपुरात मागासलेल्या जातींतल्या वारकऱ्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात लांबून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी सोय करून घेतली. आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना कुठल्याही सर्व्हेशिवाय कळलं होतं. दादरची धर्मशाळा त्यांच्याच नावाच्या मिशनची आणि तिथे टाटाचे रुग्ण उतरतात.

आधार देणाऱ्या इतर संस्थाही मुंबईत याच भोवताली वाढल्या. १९५१ला डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, १९६९ला कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली. १९९४ला स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर सुरू केलं. यातून गेलेलं माणूस आत्ता जाणाऱ्याशी बोलतं, ही तिथली मूळ कल्पना. (अमेरिकेत टेरीस लॅसर या बाईंनी स्तनाच्या ऑपरेशननंतर १९५२मध्ये हेच सुरू केलं होतं.) आमच्या बाबतीत मात्र हे कुठल्या संस्थेने ठरवून घडवलं नाही. ते शेजारच्या खाटेवर घडलं.

खाटेवर यवतमाळकडच्या एक मावशी होत्या. आईहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, डोक्याला रुमाल, सहावी केमो चालू. पहिल्याच रात्री त्यांनी आईला विचारलं, "लाल झालं का तुझं?" आई म्हणाली एक झालं. "मंग किती राह्यले, तीनच ना! माह्ये चार झाले." आणि रुमाल काढून टक्कल दाखवून हसल्या. दादा सांगतात, आई त्या रात्री तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

पुढचे पाच दिवस आईची शाळा भरली. मळमळ सुरू व्हायच्या आधी गोळी घ्यायची, उलटीची वाट बघायची नाही. गरम अन्नाचा वास चढतो म्हणून गार करून खायचं. तोंड आलं की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि साखर घातलेली साय. थर्मामीटर उशाखाली, आणि ताप आला तर कुणाला न विचारता गाडी काढायची. आणि एक नियम मावशींनी दोनदा सांगितला. लाल औषधाच्या दिवशी आवडीचं काही खायचं नाही, त्याच्यावरून कायमचं मन उडतं.

हा शेवटचा नियम मला अंधश्रद्धा वाटला होता. नंतर शोधलं तर १९७८चा, 'सायन्स'मध्ये आलेला इलीन बर्नस्टाइन यांचा प्रयोग सापडला. केमोच्या आधी मुलांना एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं, आणि काही आठवड्यांनी परत समोर ठेवलं तर बहुतेकांनी नको म्हटलं. मेंदू उलटीचा दोष औषधाला न देता शेवटच्या घासाला देतो. मावशींनी अर्थातच 'सायन्स' वाचलं नव्हतं. त्यांचा श्रीखंडावरून जीव उठला होता.

टाटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उपचार बरोबर चाललेत, गावाजवळच पूर्ण करा. आई परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "पुढची तारीख कधीये?"

उरलेले तीन लाल झाले. उलट्या झाल्या, पण कमी. पैठणचा पूल आला की तिला नुसत्या आठवणीनेच मळमळायचं, तेव्हा ती लिंबाची फोड हुंगत बसायची. केस दुसऱ्या केमोच्या आसपास सगळेच गेले. सोनाली बेंद्रेने २०१८मध्ये टक्कल केलेले फोटो टाकले होते ते माझ्या बहिणीने दाखवले. आई म्हणाली, "तिला काय, काहीपण शोभतं." मग आरशात बघून, "मला पण बरं दिसतंय तसं." पॅक्लीच्या बारा आठवड्यांनी बोटं बधीर झाली. सुईत दोरा ओवणं अजून दादांकडे आहे. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत (आधीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ची) केमो बसते. आमच्या बरोबरच्या कितीतरी जणी तिच्यावरच निभावल्या.

एका गोष्टीची चुटपुट राहिली. उलटी आवरायला आईला रात्री ओलॅन्झापिनची गोळी असायची. मूळ मानसोपचारातलं औषध, पण मळमळीवर चांगलं चालतं. त्याने ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत असायची, एकदा न्हाणीत पडता पडता वाचली. २०२४मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त टाटाच्याच डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २७५ रुग्ण, त्यांत आईसारखी 'एसी' जोडी घेणारेही. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी उलट्या तेवढ्याच आवरल्या आणि झोप मात्र खूपच कमी आली. एका गोळीचा चौथा भाग. हे बघायला १९४२पासून २०२४ उजाडलं. आईला दोन वर्षं उशीर झाला, पण ज्यांचं आज चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही. मनाने गोळी मोडून मात्र घेऊ नका.

आता आईला तालुक्यातून फोन येतात. कुणाची नणंद, कुणाची जाऊ. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "लाल झालं का गं?" मग मावशींची सगळी शाळा क्रमाने. मावशींशी तिचं महिन्यातून एकदा बोलणं होतं, त्या ठीक आहेत.

आणि शेंगोळे. पहिल्या केमोच्या दिवशी, अंगात बळ यावं म्हणून, सकाळी आजीने आईच्या आवडीचे हुलग्याचे शेंगोळे केले होते. मावशींचा नियम तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. गेल्या रविवारी मी घरी होतो म्हणून आईने शेंगोळे केले. लसणाची फोडणी नाकाला पदर लावून दिली, आम्हाला वाढलं, आणि स्वतःची भाकरी घेऊन पार ओट्यावर जाऊन बसली. तिथून ओरडून विचारत होती, "मीठ बरंय का रे? मला काय ते चाखता येत नाही."